पहिल्या धारेची म्हणून शुद्ध? त्या संदेशातला एकेक दावा

गटारी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: बिअर आणि इंग्लिश दारू म्हणजे निव्वळ केमिकल. बिअरमध्ये कंपन्या ग्लिसरीन ओततात आणि व्हिस्की म्हणजे रंग दिलेलं स्पिरिट. गावठी मात्र गुळाची, मोहाची, म्हणजे नैसर्गिक. त्यातही पहिल्या धारेची असेल तर शंभर टक्के शुद्ध. शंका आलीच तर काडी लावून बघा, निळी ज्योत पेटली की माल चोख. आणि चुकून विषारी निघालीच, तर वरून चांगली दारू घेतली की उतारा पडतो.

मी एका साखर कारखान्याच्या आसवनीत (डिस्टिलरीत), प्रयोगशाळेत काम करतो. मळीपासून अल्कोहोल काढणं आणि त्यात आणखी काय काय उतरलंय ते मोजणं हे माझं रोजचं काम. मी कारखान्याच्या बाजूने बोलतोय असं कुणाला वाटलं तर त्यात गैर नाही. म्हणूनच प्रत्येक मुद्द्यामागचं कारण देतो, ते पटतं का बघा. कुणी प्यावी असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण या संदेशातले शेवटचे तीन दावे माणसाचा जीव घेऊ शकतात, आणि ते इतक्या सहजपणे पुढे ढकलले जातात की गप्प बसवत नाही.

आधी 'नैसर्गिक' आणि 'केमिकल' ही वाटणी. बिअर, व्हिस्की, फेणी, हातभट्टी या सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते: यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल ते हेच) व कार्बन डायऑक्साइड सोडतं. साखर कुठून आली याच्याशी यीस्टला देणंघेणं नसतं. द्राक्षात, काजूच्या बोंडात, मोहाच्या फुलात, गुळात ती तयारच असते. धान्यात मात्र स्टार्च असतो आणि तो आधी फोडावा लागतो. म्हणून बिअरसाठी बार्ली भिजवतात आणि घरी नाचणीला आणतो तसे तिला मोड आणतात. मोड आले की दाण्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात. मग दाणे वाळवून, भरडून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ठेवले की हीच विकरं स्टार्चची साखर करतात. हा गोड काढा गाळायचा, हॉप्स नावाची कडसर फुलं घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट सोडायचं. बव्हेरियात १५१६ साली बिअरचा कायदा झाला, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्ट काम करत होतंच, पण ते काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता हातभट्टी. छाप्याच्या बातम्यांत तिचा कच्चा माल ठरलेला असतो: काळा गूळ, पाणी आणि नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला वापरतो तोच. गुळात नायट्रोजन कमी असतो, तो यीस्टला नवसागरातून मिळतो. आम्हीही मळीच्या टाकीत त्याच कारणासाठी युरिया किंवा डायअमोनियम फॉस्फेट घालतो. म्हणजे केमिकल दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की आमच्याकडे कशात काय आणि किती घातलं याची नोंद असते आणि शेवटी बाहेर काय आलं ते मोजलं जातं. भट्टीवर ना नोंद असते ना मोजणी. सगळा प्रश्न इथे आहे, आणि संदेश नेमका याच्यावरून नजर हटवतो.

ग्लिसरीनचा दावा जुना आहे आणि त्याचा प्रयोगही लोक मोठ्या विश्वासाने करून दाखवतात. बिअरची उघडी बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची. पाण्यात तेलकट रेघा खाली उतरताना दिसतात आणि 'हे बघ ग्लिसरीन निघालं' असं सांगितलं जातं. त्या रेघा बिअरच्याच असतात. बिअरमध्ये न आंबलेल्या शर्करा उरतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. ती खाली सरकते आणि हलकं पाणी बाटलीत वर शिरतं. दोन द्रवांची घनता वेगळी असली की प्रकाश थोडा वाकतो, म्हणून रेघा दिसतात. साखरेच्या पाण्यानेही हेच दिसेल, घरी करून बघा. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं. ते बिअरमधून निवडून एकटं बाहेर पडेल असा कुठलाच मार्ग नाही. प्रयोगानंतर प्यायला उरते ती पाणी मिसळलेली बिअर. ती सौम्य लागते आणि लोकांना वाटतं ग्लिसरीन गेलं.

बिअरमध्ये ग्लिसरीन असतं, हे मात्र खरं. आंबताना यीस्ट स्वतःच ते बनवतं, लिटरमागे साधारण एक-दोन ग्रॅम. वाइनमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. तुमच्या गुळाच्या रसायनातही, म्हणजे भट्टीवर चढवायच्या आंबलेल्या गूळ-पाण्यातही, ते तयार होतंच. फक्त ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू २९० अंश असल्यामुळे ते भांड्यात मागे राहतं.

'व्हिस्की म्हणजे रंगवलेलं स्पिरिट' या वाक्यात बरंच तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कींचा पाया म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, जे मळीपासून किंवा धान्यापासून उंच स्तंभांमध्ये ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेलं असतं. त्यात थोडं माल्ट स्पिरिट, कॅरामेलचा रंग, स्वाद आणि पाणी. मळीच्या अशा दारूला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. स्कॉच व्हायचं तर धान्यच हवं, ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं हवीत आणि ४० टक्क्यांखाली उतरता येत नाही. तेव्हा चवीची आणि नावाची तक्रार रास्त आहे. पण त्यावरून ही दारू जास्त विषारी असा निष्कर्ष निघत नाही. स्तंभात एवढं शुद्ध केलेल्या अल्कोहोलमध्ये इथेनॉल सोडून फारसं काही उरतच नाही. अपाय व्हायचा तो इथेनॉलनेच होतो, आणि तो गावठीतही तोच, महागड्या सिंगल माल्टमध्येही तोच. दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकताना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने गावठी आणि इंग्लिश असा भेद केलेला नाही.

आता पहिली धार.

आंबलेलं रसायन तापवलं की इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. म्हणून सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त आणि जसजसं भांडं रिकामं होतं तसतसं पाणी वाढत जातं. पहिली धार सर्वांत कडक असते ती यामुळे. कडक म्हणजे शुद्ध नव्हे. त्याच पहिल्या धारेत अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असे हलके पदार्थही आधी उतरतात, ज्यांचा वास नेलपॉलिश रिमूव्हरकडे झुकतो. म्हणून स्कॉटलंडपासून कॉन्याकपर्यंत कुठलाही जाणता आसवक सुरुवातीचा भाग बाजूला काढतो, शेवटचा तेलकट भागही काढतो आणि मधला तेवढा ठेवतो. ज्या धारेची इतकी थोरवी गायली जाते, तीच तो वेगळी काढतो. गोव्यात काजूच्या बोंडाच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, साधारण १५ टक्क्यांचं. फेणीसाठी ते ताज्या रसाबरोबर पुन्हा भट्टीवर चढवतात. तिथेही पहिलं ते श्रेष्ठ असं कुणी मानत नाही.

याला उत्तर म्हणून काही लोक उलट सांगतात: 'पहिली धार फेकून द्या, मिथेनॉल तिच्यातच जातं.' मिथेनॉल म्हणजे इथेनॉलसारखंच दिसणारं, पण पोटात गेल्यावर जीवघेणं ठरणारं दुसरं अल्कोहोल. हेही सांगणं खरं नाही, आणि शिकलेली माणसं हे सांगतात म्हणून मला ते जास्त घातक वाटतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, तेव्हा ते आधी निघून जाईल असा हिशेब ते मांडतात. पण तो आकडा एकट्या मिथेनॉलचा. पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात ते असं सुटं वागत नाही. पाण्याला धरून राहतं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक धारेत थोडंथोडं येत राहतं. साध्या भट्टीत ते कापून वेगळं करता येत नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळा स्तंभ लागतो.

मुळात गुळाच्या किंवा मळीच्या रसायनात मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. यीस्ट साखरेपासून मिथेनॉल बनवत नाही. ते येतं फळांच्या सालीतल्या-गरातल्या पेक्टिनपासून, आणि तेही इतकं थोडं की सोबतचं इथेनॉल त्याच्या कितीतरी पट असतं. मग माणसं आंधळी होतात, मरतात ती कशाने? बाहेरून ओतलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. रंग, थिनर, रसायनं यांच्या उद्योगात ते टँकरने लागतं, इथेनॉलपेक्षा स्वस्त पडतं, त्यावर दारूचा कर नसतो. चोरीचा माल भट्टीवाल्याकडे किंवा त्याच्या वरच्या पुरवठादाराकडे पोचतो आणि दारू 'वाढवायला' वापरला जातो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक लोक गेले ते अशाच मिथेनॉलने. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत, बोटाद भागात चाळीसहून अधिक गेले. तिथे तर ना काही आंबवलं होतं ना भट्टी लावली होती. चोरलेलं मिथेनॉल पाणी घालून पिशव्यांतून विकलं होतं. 'आमच्या गावची भट्टी, गुळाची आहे' हे आश्वासन तुमच्या पिशवीत काय आहे ते सांगत नाही. विकणाऱ्यालाही ते पुष्कळदा माहीत नसतं.

सीलबंद बाटली म्हणजे पक्की हमी, असंही मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात मिथेनॉल घातलेल्या बनावट बाटल्यांनी चाळीसेक माणसं गेली आणि सरकारला २० टक्क्यांवरच्या मद्याची विक्रीच काही दिवस बंद करावी लागली. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरण्याचा धंदा आपल्याकडेही आहे.

ज्योतीच्या चाचणीबद्दल. इथेनॉल निळं जळतं आणि मिथेनॉलही निळंच जळतं, उलट जास्त फिकट. ते किती फिकट, तर अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीत मिथेनॉल इंधन असायचं, आणि १९८१ साली तिथे रिक मिअर्स या चालकाला इंधन भरताना आग लागली तेव्हा ज्वाळा दिसतच नव्हत्या. तो कशाने तडफडतोय हे आजूबाजूच्यांना लगेच कळेना. काडी लावल्यावर दारू पेटली, तर ती कडक आहे एवढंच कळतं. मिथेनॉल जितकं जास्त, तितकी ती या परीक्षेत सहज पास होईल. वास, चव, बोटावर घासून बघणं, यांतल्या कशानेही ते ओळखता येत नाही. आम्ही गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) लावतो, तेव्हा कुठे आकडा मिळतो.

राहिला उतारा. यात सत्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच हा दावा टिकून आहे. मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं. यकृतातलं विकर त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि हे आम्ल डोळ्याची नस व पेशींचा श्वास मारतं. तेच विकर इथेनॉलवर आधी काम करतं, म्हणून इथेनॉल दिल्याने विष बनणं लांबतं. रुग्णालयात फोमेपिझोल, म्हणजे याच विकराला अडवणारं औषध, नसेल तर डॉक्टर इथेनॉल वापरतात हे खरं. पण ते रक्तातलं प्रमाण राखून, तासन्‌तास, सोबत सोडा बायकार्ब आणि गरज पडेल तशी डायलिसिस देऊन. डायलिसिस मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल दोन्ही बाहेर काढते. घरी घेतलेला क्वार्टर यांतलं काहीच काढत नाही. तो फक्त लक्षणं पुढे ढकलतो, आणि आधीच बारा ते चोवीस तास उशिरा दिसणारं विष आणखी उशिरा दिसतं. मालवणीसारख्या प्रसंगी माणूस 'बरं वाटतंय' म्हणून झोपतो ते याच काळात.

दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा, उलट्या, श्वास जोरात चालणं, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं दिसणं, असं काहीही झालं तर हँगओव्हर म्हणून वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. उरलेली दारू बाटलीसकट सोबत घ्या आणि डॉक्टरांना मिथेनॉलची शंका आहे असं स्पष्ट सांगा; पोलिसांच्या भीतीने 'जेवण बाधलं' असं सांगण्यात पहिले मोलाचे तास जातात. आणि त्याच बैठकीत, त्याच पिशवीतली प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधून घेऊन जा, त्यांना काहीच होत नसलं तरीही.