‘मनगटाएवढं तर भोक!’

खनिजाच्या शोधासाठी होणाऱ्या ड्रिलिंगबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सूर असा: ‘खाण वेगळी आणि हे वेगळं. इथे मनगटाएवढं भोक पाडतात, रिग (भोक पाडणारं यंत्र) निघून जाते, दोन पावसाळ्यांत गवत येतं. जमीन पूर्ववत करा, धूप रोखा, ही नुसती कागदं रंगवायची कामं.’ भोकाबद्दलचं विधान खरं आहे, म्हणूनच बाकीची खपून जातात.

‘भोक लहान असतं.’ असतंच. एचक्यू या ड्रिलिंगमधल्या प्रचलित आकाराच्या बोअरचा, म्हणजे भोकाचा, व्यास 96 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 72 चौरस सेंटिमीटर. पण तिथवर रिग पोचवायला रस्ता लागतो. (हेलिकॉप्टरने रिग उतरवतात तिथे हा मुद्दा बराच हलका होतो, पण असा खर्च सगळीकडे कोण करतो?) 4 मीटर रुंदीचा 1 किलोमीटर कच्चा रस्ता म्हणजे 4,000 चौरस मीटर उघडी जमीन. तिच्यावरून फक्त 1 सेंटिमीटर माती गेली तरी 40 घनमीटर होते, आणि 1 सेंटिमीटर गेलेलं डोळ्यांना कळतही नाही.

शिवाय डोंगरउतारावर विखरून वाहणारं पाणी रस्ता अडवतो. ते चाकोऱ्यांत गोळा होतं आणि रस्त्यानेच खाली धावतं. उताराची अखंड लांबी दुप्पट झाली की धुपीच्या प्रचलित सूत्रानुसार, 5 टक्क्यांहून जास्त उतारावर, हेक्टरमागे मातीची नासाडी साधारण 1.4 पट होते. म्हणून रस्त्यावर ठरावीक अंतराने मातीचे तिरपे, आडवे उंचवटे घालतात आणि पाणी बाजूच्या दगडांत किंवा झुडपांत सोडतात. उतार जितका तीव्र, तितके हे उंचवटे जवळजवळ.

‘रिगची जागा सपाट असते.’ सपाट केलेली असते. वरची बाजू कापून खालच्या बाजूला भराव टाकलेला असतो, आणि ओघळ पडायला सुरुवात होते ती त्या भुसभुशीत भरावाच्या कडेला.

‘गवत आपोआप येतं.’ कुठे येतं, ते डोझर चालवणाऱ्याने पहिल्या दिवशी काय केलं त्यावर ठरतं. बी, मुळं, बुरशी, सगळा जीव वरच्या थोड्याशा थरात असतो. ती माती आधी खरवडून वेगळी, बुटक्या ढिगात ठेवली तर नंतर पसरता येते. सगळं एकाच ढिगात लोटलं की परत पसरताना मुरूम वर येतो आणि माती तळाशी गाडली जाते. त्यावर रिग आणि टँकरच्या वजनाने जमीन घट्ट झालेली. पाणी मुरत नाही, मूळ खाली शिरत नाही. उगवलंच तर काटेरी तण.

अशी जागा आधी रिपरने (डोझरमागे लावलेल्या लोखंडी दातांनी) फोडावी लागते, तीही उताराला आडवी. उभी फोडली तर प्रत्येक चर म्हणजे तयार नाली. मग माती पसरायची आणि पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत सोडायचा. फोटोसाठी गुळगुळीत केलेली जागा साहेबांना आवडते. पावसाचं पाणी मात्र तिच्यावरून बिनअडथळा घसरतं. मोठा थेंब सेकंदाला जवळपास 9 मीटर वेगाने आदळतो आणि मातीचे कण उडवतो, म्हणून बी पेरल्यावर वर पेंढा किंवा काथ्याची जाळी.

‘भोकाच्या तोंडावर दगड ठेवला की झालं.’ हा दावा सगळ्यांत घातक. खोल बोअर वेगवेगळ्या पाणीथरांतून जातं. ते तसंच सोडलं तर वरचं दूषित पाणी थेट खालच्या थरात उतरू शकतं, आणि खाली दाब असेल तर पाणी महिनोन्‌महिने वर वाहत राहून उतार कापतं. बोअर तळापासून वर सिमेंटच्या ग्राउटने (पातळ लगद्याने) किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरायचं असतं. वरून गोणी ओतून मोकळं होणं हे भरणं नव्हे: माल मध्येच अडकून खाली पोकळी राहते.

‘चिखल म्हणजे मातीच की.’ सम्प, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल साठवायचा खड्डा, ओला असतानाच बुजवला तर पुढे खचतो आणि खड्ड्यात पाणी साचतं. भोकातून निघालेल्या खडकाच्या चुऱ्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होतं, आणि तिथे गवत विसराच.

‘गाळ अडवणारं कापड लावलंय ना.’ खालची कड चरात पुरलेली नसेल तर गाळ त्याच्या खालून जातो. आणि ते वाहत्या ओहोळात आडवं लावायची वस्तूच नाही.

राहता राहिला पैसा. डोझर जागेवर असतानाच माती वेगळी काढायला थोडा जादा वेळ लागतो. रिग गेल्यावर मात्र यंत्र परत आणायचं, वाहून गेलेली माती दुसरीकडून आणायची, आणि ती टाकायला आधीचाच रस्ता पुन्हा उघडायचा.