जोडीनं वाईनरी काढायचीय? या, बसा!

गेल्या रविवारी आमच्या वाईनरीत पुण्याहून एक कुटुंब आलं होतं. दोघांनाही नोकरीचा कंटाळा आलाय, मिरजेकडे सासऱ्यांची तीन एकर जमीन आहे, तेव्हा ‘छोटीशी, क्यूट वाईनरी’ काढायचीय म्हणे. अडीच तास बसले, चार वाईन चाखल्या, खारे शेंगदाणे दोनदा मागवले. निघताना म्हणाले, तुमच्या प्रवासावर लिहा ना, आमच्यासारख्यांना मार्गदर्शन होईल.

तर हे घ्या. फुकट. तसंही तुम्हाला फुकटच लागतं.

पहिली गोष्ट, पॅशन हवी. आमची पॅशन माझ्या सासऱ्यांनी लावली, दीड एकरात. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे सांगली जिल्ह्यात पलूस असे दोन वाईन पार्क ठरले आणि आमच्या भागात एकदम फ्रेंच नावांचं पीक आलं. सासऱ्यांनी खायची सोनाका काढून शिराज ही वाईनची जात लावली. (बागेतले गडी तिला शेवटपर्यंत ‘शिराळा’च म्हणाले.) काही वर्षं माल गेला. मग २००८-०९ ची मंदी आली, घेणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं आणि काळी, बारीक, जाड सालीची द्राक्षं मांडवाला तशीच लटकत राहिली. ती खायला कुणी घेत नाही. बेदाणा करावा तर बी दाताखाली येते. माल उकिरड्यावर गेला. शेजारी म्हणाले, कुऱ्हाड लावा. बऱ्याच जणांनी लावलीसुद्धा. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. नवऱ्यानं लायसन्सचे कागद जमवायला घेतले आणि मी यीस्ट कसं वाढवतात ते वाचायला. याला पॅशन म्हणतात. लिहून घ्या.

बँकेत ‘वाईन’ म्हणू नका, ‘कृषी प्रक्रिया’ म्हणा. साहेब तरीही ‘दारू’च ऐकतात.

एक्साईजबद्दल मी काही लिहीत नाही.

थ्री फेज लाईटचं वेळापत्रक पाठ करा. मग विसरा.

नातेवाइकांना दुखवू नका. ‘दारूवाल्यांकडची’ म्हणून भाचीच्या लग्नात माझ्या हातची ओटी नको झाली होती, त्याच घरातून रात्री साडेनऊला फोन येतो, ‘दोन बाटल्या पाठवा, खोकल्याला बरं पडतं.’

विक्रीची काळजी नको. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंजुरी दिली होती. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, मंजुरी कागदावरच राहिली.

आता खास वहिनींसाठी. वाईन तुम्ही करा, पण आलेल्या माणसांसमोर नवऱ्याला उभं करा, शोभून दिसतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, थेंब टाकून २४ ब्रिक्स (साखरेचं माप) दिसल्यावर तोड मी लावते. रस आंबायला लागला की साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बसतो. तो दिवसातून चार वेळा खाली दाबावा लागतो, त्यातली एक वेळ रात्री दोनची. नाहीतर थर वरून सुकतो, आतून तापतो आणि वाईनची व्हिनेगरकडे वाटचाल सुरू होते. टाकीच्या तोंडाशी गॅस साठलेला असतो, वाकून वास घ्यायचा नाही, माणूस आडवा होतो. बाकी वेळ टाक्या घासायच्या. वाईन करणं म्हणजे मुख्यत्वे भांडी घासणं, हे कुणी सांगत नाही. तोड आणि संक्रांतीचं हळदीकुंकू यायचं एकदमच. लिंबू लावून घासले तरी नखांतला जांभळा-काळा रंग जात नाही. वाण घेताना बायका हाताकडे बघतात, मग एकमेकींकडे.

आणि आमचे हे? भला माणूस आहे. गाड्या, हिशेब, कोर्टकचेरी सगळं तो बघतो. फक्त सायनसमुळे त्याला वास येत नाही. कशाचाच.

तर रविवारी त्या साहेबांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं आणि ह्यांना विचारलं, “सर, नोजवर नक्की काय आहे?” हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, काळी मिरी. साहेबांनी वहीत लिहिलं आणि ह्यांना म्हणाले, “वा सर!” मग माझ्याकडे वळून, “वहिनी, चहा मिळेल का?”

वाईनरीत. चहा.

दिला मी. साखर कमी हवी होती, ती पण कमी घातली. पण आता ऐका. तुमच्यासमोर अडीच तास जी उभी होती तिनं ती वाईन केली होती, आणि तुम्ही तिला एक प्रश्न विचारला, तो चहाचा. बाईसाहेब, तुम्हीसुद्धा. तुम्ही तर उद्या माझ्याच जागी उभ्या राहणार आहात म्हणे. एक बाटली घेतली नाहीत. ‘गोव्यात स्वस्त पडते’ म्हणालात, आमच्याच टेबलावर, आमचाच ग्लास हातात धरून. मग जा की गोव्याला! क्यूट! उकिरड्यावर ट्रॉली रिकामी करताना माझे सासरे बांधावर पाठ करून बसले होते, ते बघायला कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं.

आणि हो, तुमच्या मुलानं कडेच्या ओळीतले दोन घड तोडून खाल्ले. तिथली तोड अजून महिनाभर लांब आहे, आदल्याच दिवशी फवारणी झाली होती, बोर्डही लावलाय. मी ओरडले तर तुम्ही म्हणालात, ‘घेऊ द्या हो, लहान आहे.’

पोट बरं आहे ना त्याचं?