टीका बंद की तोंड बंद?

मंद्याचं म्हणणं सरळ होतं. "कोणी काही सुचवलं की दुसरा लगेच त्याला कापतो, म्हणून मीटिंगमध्ये नवं काही निघत नाही. टीका बंद करा. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने बसून कल्पना काढायची पद्धत, मांडणाऱ्या ऑसबर्नने १९५३ च्या पुस्तकात हेच सांगितलंय."

"अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५८ साली ते ताडून पाहिलं," शिल्पा म्हणाली. "टीका नव्हती, तरी चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी एकेकट्याने काढलेल्यांची बेरीज जास्त भरली."

"ते कसं काय?"

"एका वेळी एकच जण बोलतो ना! बाकीचे पाळी येईपर्यंत आपलंच घोकत बसतात, नाहीतर विसरतात. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मुख्य कारण हेच दाखवलं."

"म्हणजे मीटिंगच रद्द?"

"मीटिंग ठेव, बोलणं थांबव. जर्मनीतल्या रोरबाखची १९६८ ची ६-३-५ पद्धत घे. सहा जण, प्रत्येकी एक कागद, त्यावर तीन रकाने, सहा ओळी. पाच मिनिटांत एका ओळीत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजारच्याकडे सरकवायचा. तो वरचं वाचून पुढची ओळ भरतो. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ कल्पना."

"जपमाळच झाली की!" बापू हसले. "त्यात सारख्या किती?"

"बऱ्याच. शिवाय चौथ्या फेरीपासून वाचण्यातच वेळ जातो, तेव्हा सात मिनिटं द्यावीत. आणि पूर्ण वाक्य लिहायचं. नुसतं 'मार्केटिंग वाढवा' लिहिलं तर पुढचा त्यात काय भर घालणार?"

"साहेबांचं अक्षर सगळे ओळखतात, मग त्यांच्याच कल्पनेमागे जातील," मंद्याने खुसपट काढलं.

"साहेबांना कागद द्यायचाच नाही. पाच जण, पाच फेऱ्या, ७५ कल्पना. पुष्कळ झाल्या."

बापूंचा आक्षेप निराळा होता. "प्रश्नच ढिसाळ असला तर कागद फिरवून काय उपयोग? 'विक्री कशी वाढवायची' याला उत्तरं पण तशीच मोघम येणार. 'दुपारी ३ ते ५ दुकान रिकामं असतं, तेव्हा गिऱ्हाईक कसं आणायचं' असं विचारा."

हे मात्र दोघांनाही पटलं. निवडीवरून पुन्हा जुंपली. शिल्पाच्या मते प्रत्येकाला पाच टिकल्या द्याव्यात, न बोलता आवडत्या कल्पनांवर चिकटवायला लावाव्यात, साहेबांनी सगळ्यात शेवटी. आणि हे दुसऱ्या दिवशी, कारण दमलेली माणसं ओळखीचंच निवडतात.

"दुसऱ्या दिवशी निम्मे येणारच नाहीत," मंद्या म्हणाला. "तिथल्या तिथे चहा पाजा आणि टिकल्या लावून घ्या."