सोबत सगळी खेळणी मोफत

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आज दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘लॅब्राडॉर, दीड वर्षाचा, सगळी इंजेक्शनं झालेली, चांगल्या घरी द्यायचा आहे. सोबत त्याची सगळी खेळणी मोफत.’ खाली फोटो. कुत्र्याचा नाही हो, खेळण्यांच्या टोपलीचा! चूं-चूं करणारं कोंबडं, दोरीची गाठ, प्लास्टिकचं हाड, चेंडूंचा ढीग. द्यायचं कारण काय, तर ‘सोफा फाडतो’.

अहो, फाडणारच. हा कुत्रा मी रोज बघते. सकाळी खाली, पाच मिनिटांत ‘शी’ उरकून वर, मग दिवसभर गॅलरीच्या ग्रिलला बांधलेला. माणसानं ही जात तयार केली ती पाण्यात उड्या मारून शिकार उचलून आणायला. त्याच्या अंगात ते काम भरलेलं आहे. आणि आपण त्याला देतो काय, तर रबरी कोंबडं. तेही लांबून भिरकावून, दुसऱ्या हातात मोबाईल धरून.

आमच्या घरी हे कोडं बाबांनी सोडवलं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे. कुत्रा या प्राण्याबद्दल त्यांना काडीचंही प्रेम नव्हतं. बंड्या, आमचा रस्त्यावरून उचललेला देशी, घरात आला तेव्हा ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मग बंड्यानं डायनिंगच्या खुर्चीचा पाय कुरतडला. मी ऑनलाइन खेळणी शोधत बसले होते. बाबा म्हणाले, ‘‘खेळणं कशाला? त्याला काम नाहीये.’’

बाबा इथे इंदूरच्या कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. 1991 मध्ये मिल बंद पडली. ऐन उमेदीचा माणूस घरी बसला. सासूबाई सांगतात, ताट वेळेवर पुढ्यात यायचं, पण बाबा सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून नुसते अंगणात येरझाऱ्या घालायचे, आणि कधी नाही ते घरच्यांवर खेकसायचे. बंड्याची खुर्ची त्यांना माझ्याआधी कळली, ती अशी.

दुसऱ्या दिवसापासून बंड्याची वाटी बंद. बाबांनी एक जुना टॉवेल घेतला, त्यावर पोळीचे बारीक तुकडे पसरले, वळकटी केली, वर सैलशी गाठ मारली आणि ताटावर चमचा वाजवला. ‘‘चला, भोंगा झाला.’’ बंड्यानं ती वळकटी नाकानं ढकलली, पंजानं दाबली, दातांनी ओढली, पुन्हा हुंगली. शेवटचा तुकडा निघेपर्यंत मान वर केली नाही. मग धापा टाकत फरशीवर आडवा झाला आणि झोपला. खुर्चीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

लगेच कोणी तरी लिहील, कॉलनीत सगळे रिटायर नसतात. बरं, मान्य. नवरा-बायको दोघं नोकरीवर, घरी आजारी माणूस, वेळ कुठून आणायचा? खरं आहे. पण टॉवेल गुंडाळायला रील बघण्याइतकाही वेळ लागत नाही.

खेळणी वाईट असं मी म्हणत नाहीये. दात येणाऱ्या पिल्लाला चावायला काही तरी हवंच. पण निवडताना आपण रंग बघतो! जबड्याच्या मानानं मोठं हवं, घशात अडकायला नको. अंगठ्याचं नख दाबून बघा. रुतलं तर ठीक, दगडासारखं लागलं तर त्यानं दात तुटतो. चूं-चूं करणारं असेल तर आतली शिट्टी काढून गिळतात, तेव्हा ते आपल्या डोळ्यांदेखतच. शिजवलेलं हाड तर अजिबात नाही, त्याच्या फाका आतडं चिरतात. आणि सगळी टोपली एकदम ओतायची नाही. बाबांनी आमच्याकडे चक्क ‘स्टोअर’ केलंय, जुन्या ट्रंकेत. दोन-तीन वस्तू बाहेर, बाकी कुलपात, चार दिवसांनी बदली. जुना चेंडू परत निघाला की बंड्याला तो नवाच.

ते महागडं पोकळ रबरी खेळणं, काँग, माहितीये ना? ते बनवणाऱ्याला ती कल्पना कशावरून सुचली? त्याचा कुत्रा दगड चावायचा, आणि एक दिवस फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी पार्ट त्याच्या तोंडी लागला, त्यावरून. भंगारातून सुरू झालेली वस्तू आपण क्रेडिट कार्डावर घेतो! आमच्याकडेही आहे एक, भाचीनं दिलेलं. उन्हाळ्यात त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवते. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

1963 मध्ये ग्लेन जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग केला होता. बाजूला वाटीत आयतं खाणं होतं, तरी बरेच उंदीर दांडी दाबून, म्हणजे कष्ट करून मिळणारं खाणं खात राहिले. पुढे इतर प्राण्यांतही हे दिसलं. मी मोठ्या उत्साहानं बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘‘हे कळायला उंदीर कशाला मारायला हवेत?’’ मारले नाहीत हो, म्हटलं. पण ते ऐकतायत कुठे.

मांजरवाल्यांनी लगेच खूश होऊ नका. अशाच प्रयोगात मांजरांनी आयती वाटी पसंत केली, हे खरं. पण म्हणून तिला दिवसभर सोफ्यावर लोळवायचं नाही. तिला दबा धरायला, झडप घालायला लागतं. काठीला चिंधी बांधून पाच मिनिटं फिरवा, आणि शेवटी ती चिंधी तिच्या पंजात येऊ द्या. ते लेझरचे लाल ठिपके हातात कधी येतच नाहीत, बिचारी चिडचिडी होते. आणि खेळ झाला की दोरा-लोकर उचलून ठेवा. पोटात गेली तर ऑपरेशनच.

आणि ज्या ताईंनी मागच्या आठवड्यात पिंजऱ्यातल्या पोपटासाठी झोका कुठला घ्यावा असं विचारलं होतं, त्यांना काय सांगू! आपला देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. संध्याकाळी इथल्या राणी सरायच्या जुन्या वास्तूजवळ जा, झाडांवर थवे उतरताना बघा, आणि मग झोक्याचं बोला.

असो. जरा शांत झाले. तसं त्या लॅबवाल्यांना दुष्ट म्हणवत नाही. हौसेनं आणला असेल, खेळण्यांवर पैसेही प्रेमानंच घातले असतील. पण मग परत तो फोटो डोळ्यांपुढे येतो आणि पारा चढतो.

फिरवण्याचंही तेच. आपल्या शहरात स्वच्छतेतल्या पहिल्या नंबरचा धाक, त्यामुळे पिशवी घेऊन उचलणं आलंच, आणि ते बरोबरच आहे. पण ‘उरकलं, चल वर’ कशाला? बाबा उन्हं चढायच्या आत बंड्याला नेतात, आणि दोरी सैल सोडून त्याच्या मागे चालतात. एकेका खांबापाशी तो हुंगतो, बाबा उभे राहतात. मी एकदा कंटाळून ओढायला गेले तर म्हणाले, ‘‘थांब गं, पेपर वाचतोय तो.’’ मे महिन्यात मात्र आधी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवा. पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याच्या पायांनाही टेकवू नका.

कॉमेंटमध्ये ‘लिंक द्या’ म्हणू नका, जुन्या टॉवेलची लिंक नसते. तुकडे साध्या पोळीचे, गाजराचे, काकडीचे किंवा उकडलेल्या रताळ्याचे चालतील. रोजच्या खाण्यातूनच काढा, वरून जादा नाही, नाही तर महिन्यात ढोल होईल. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा बिलकूल नाही. तिखट-मिठाची शेवही नाही. आणि इंदूरकरांनो, पोह्यात कांदा असतो, तेव्हा सकाळी ‘एक घास’ म्हणून पोहेसुद्धा नाहीत.