सँगर पद्धत अजून कशाला शिकवता? या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय की नॅनोपोअरचं हातात मावणारं मशीन आता सगळा डीएनए वाचतंय, तरी मी पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना डीएनएमधली अक्षरं (ए, टी, जी, सी) वाचायची 1977 ची सँगर पद्धत शिकवत बसलोय, आणि वर मानवी जिनोम (माणसाचा सगळा डीएनए) 2003 ला पूर्ण वाचून झाला असं चुकीचं लिहिलंय.

2003 चं तुमचं बरोबर आहे, चूक माझी. तेव्हा साधारण 8 टक्के भाग राहिलेला, तो 2022 ला वाचून झाला आणि वाय क्रोमोसोम तर 2023 ला. पोस्ट दुरुस्त केलीय. राहिला का, तर तिथं तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडं सप्ताहात तासभर विठ्ठल विठ्ठल चालतं बघा, त्याच्या रेकॉर्डिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून दिले तर गजर किती वेळा झाला हे कुणाला सांगता येईल? इलुमिना या आताच्या मशीनचे रीड्स (म्हणजे एका दमात वाचलेले तुकडे) दीडशे-तीनशे अक्षरांचे, सँगरचे सातशे-आठशे, तिथं लांब रीड्सच पाहिजेत. हे मला शंभर टक्के मान्य.

खरं म्हणून सँगर सोडून द्या हे नाही पटत ओ. ऊसाच्या ट्रॅक्टरला मागं ट्रॉली, तिच्या मागं आणि एक ट्रॉली जोडतात ना, त्यात मागचा हूक नसलेली ट्रॉली लागली की पुढं काही जोडता येत नाही. सँगरनं नेमकं हेच केलं, डीएनएची कॉपी तयार होताना त्यात थोडी बिनहुकाची अक्षरं मिसळली, त्यामुळं कुठली कॉपी इथं थांबते कुठली तिथं, मग ते तुकडे लांबीप्रमाणं लावायचे आणि प्रत्येकाचं शेवटचं अक्षर वाचत जायचं. आता त्या शेवटच्या अक्षरांना चार रंग असतात, एवढाच फरक. आणि इलुमिनाचा हूक झाकलेला असतो, रंग बघून झाला की उघडतात आणि पुढचं अक्षर जोडतात. म्हणजे सँगर कळलं की इलुमिना अर्धं कळलंच की!

दुसरं, प्रश्न किती मोठा आहे ते बघायला नको का? सिकलसेल या रक्ताच्या आजारात बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग) जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. तेवढं एक ठिकाण खात्रीनं बघायला सँगर अजून वापरतात. नॅनोपोअरमध्ये डीएनएचा धागा बारीक छिद्रातून जाताना करंट बदलतो त्यावरून अक्षर ओळखतात, त्यामुळं एकच अक्षर सलग आठ-दहा वेळा आलं की करंट बदलतच नाही आणि मोजणी चुकते. सुधारणा बरीच झालीय, तरी ही अडचण अजून राहिलीय.

उलट आपला ऊस घ्या. शंभराच्या वर क्रोमोसोम, त्यात एकेकाच्या कितीतरी जवळपास सारख्या कॉप्या, त्यामुळं आर570 या जातीचा जिनोम यायला 2024 उजाडलं. तिथं सँगर घेऊन बसलो तर तुमची टीका मी मान खाली घालून ऐकीन.

नॅनोपोअरवर मी चारच ओळी लिहिल्या हे मात्र कमीच झालं, पुढची पोस्ट त्याच्यावरच लिहितो. तुम्ही ते मशीन स्वतः वापरलं असेल तर सॅम्पल तयार करताना कुठं अडतं ते सांगा, पोरं हमखास तेच विचारतात.