नमुन्याचा वॉगल

माझा वॉगल गेला. चोरीला गेला असंही म्हणता येत नाही, कारण नेणाऱ्याने "बराय सर, येतो" म्हणून, हात हलवून नेला.

ज्यांच्या नशिबी कब पथक, म्हणजे स्काऊटमधल्या धाकट्या मुलांचं पथक, नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्काऊटच्या गळ्यातल्या स्कार्फची दोन टोकं ज्या कड्यातून जातात ते कडं म्हणजे वॉगल. आधी स्कार्फला सरळ गाठच मारायचे. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कच्या स्काऊट प्रशिक्षण केंद्रातल्या बिल शँकली यांनी वादीची गोल विणलेली गाठ त्या जागी बसवली आणि जगभरच्या पथकप्रमुखांना कामाला लावलं. दोरी बोटांभोवती घ्यायची, वरून, खालून, पुन्हा वरून असं विणत फेरी पुरी करायची, मग त्याच वाटेने दोरी परत फिरवायची. सात वर्षांच्या पोराला हे झेपत नाही. म्हणून मी पुठ्ठ्याच्या नळीची दोन बोटं रुंदीची कडी कापून नेतो. त्यांवर लोकर गुंडाळायची, टोक आत खोचायचं, झालं. डिंक वर्ज्य. डिंकाला वाळायला वेळ लागतो आणि कबला थांबायला येत नाही. शिवाय केलेली वस्तू लगेच गळ्यात घालून खेळायला पळता आलं पाहिजे. नाहीतर ती बाकाखाली सापडते.

ज्या एक-दोघांना "खराच" वॉगल हवा असतो त्यांच्यासाठी विणलेला नमुना ठेवतो. तोच गेला.

झालं असं, की एका कबचे बाबा न्यायला लवकर आले. लवकर येणारे पालक ही एक वेगळीच जमात आहे. त्यांना खुर्ची दिली तरी ते बसत नाहीत.

"सर, हे नक्की कशासाठी?"

"स्कार्फ अडकवायला."

"रबरबँडने नाही अडकणार?"

"अडकेल."

"तयार मिळतो ना पण हा?"

"मिळतो."

"मग?"

या "मग?"ला माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक होतं. पण तोवर गृहस्थांनी मुलाच्या हातून दोरी काढून घेतली होती. "थांब, तुला नाही जमत." मुलाला जमत होतं. वाकडं जमत होतं, पण जमत होतं. बाबांनी डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती दोरी गुंडाळली, वरून घेतली, परत वरूनच घेतली आणि जोर लावून ओढली. गाठ बसली. बोटांसकट बसली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो खांद्यात धरून ते कुणाला तरी "कामात आहे, मीटिंग चालू आहे" असं सांगू लागले. खोटं नव्हतं. सगळं पथक आपापली लोकर टाकून भोवती जमलं होतं. मी कात्री आणली, पण मुलांची गोल टोकाची कात्री कागदसुद्धा मनात असेल तरच कापते. ती दोरी नुसती चघळत राहिली. "धारदार ठेवत जा हो सर," बाबा म्हणाले. माझ्या सुरक्षित साहित्याच्या काळजीवर एवढी थंड फुंकर आजवर कुणी घातली नव्हती. शेवटी त्यांचं चिरंजीव पुढे आलं. "बाबा, एकदा वरून, मग खालून," असं म्हणत त्याने गाठ उलटी सोडवली. टाळ्या झाल्या. बाबांना वाटलं त्यांच्यासाठीच.

एवढ्यावर निभावलं असतं. पण जाताना त्यांनी मुलाच्या गळ्यातलं वाकडं लोकरीचं कडं काढून टेबलावर ठेवलं, माझा नमुना उचलला आणि त्याच्या स्कार्फात सरकवला. "हा जरा नीट आहे." पोरगं म्हणालं, "माझा तो आहे." कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण तोवर दोघं दाराबाहेर गेले होते.

धाकट्यांचं कब पथक 1916 साली सुरू झालं. आपल्याकडून होईल तितकं उत्तम कर, असं कबचं ब्रीद आहे. बाबांकडून करून घे, असं नाही. तरी घरी नेलेली प्रत्येक वस्तू इस्त्री केल्यासारखी दिसावी, अशी मोठ्यांची अपेक्षा. हस्तकलेच्या कल्पना सुचवणाऱ्या फोटोंतही मुलांची नखं स्वच्छ असतात आणि कात्री हरवलेलं मूल एकही नसतं. ते सगळं कोण कापून, मोजून, पिशव्यांत भरून ठेवतं हे फोटोत येत नाही. मला पगार नाही, निदान नमुना तरी ठेवा की!

ते वाकडं कडं मी जपून ठेवलंय, मालकाला परत द्यायचं म्हणून. काल बाबांचा निरोप आला: वॉगल सैल होतोय, घट्ट करून मिळेल का? आणि पुढच्या वेळी काय आहे? नळ्यांच्या दुर्बिणी, मी लिहिलं. लगेच उलट प्रश्न: त्यातून लांबचं दिसेल का?

दिसेल म्हणून कळवलंय.