‘स्ट्रिक्ट मोड शून्य करा’ म्हणणाऱ्यांना

ठाणे–वाशी लोकलमध्ये दिघा गाव गेलं, ऐरोली यायची होती, तेवढ्यात तो मेसेज परत आला. या महिन्यातला तिसरा. पाठवणारे तिघंही स्टोरेजवाले, म्हणजे आपल्यातलेच. मजकूर साधारण असा:

“लिबएनबीडी वापरताय? हँडल उघडल्या उघडल्या स्ट्रिक्ट मोड शून्य करून टाका. सर्व्हर सगळं तपासतोच, क्लायंटने तेच परत तपासायचं म्हणजे दुप्पट काम. वेग वाढतो. लायब्ररीनेच ही सोय दिलीय, म्हणजे धोका नाही. पोस्टेलचा नियमही तेच सांगतो, उदार राहा. आमच्याकडे सहा महिने चालू आहे, एक तक्रार नाही.”

रबाळे-महापेच्या पट्ट्यात आता पावलोपावली डेटा सेंटर आहे. यातल्या चार जणांनी जरी हे मनावर घेतलं तरी कुणाची तरी रात्रपाळी कामाला लागणार. म्हणून लिहितोय.

नवख्यांसाठी दोन वाक्यं. एनबीडी हा दुसऱ्या मशीनवरची डिस्क नेटवर्कवरून आपल्याच मशीनला लावल्यासारखी वापरायचा प्रोटोकॉल, लिनक्समध्ये १९९७ पासून आहे. लिबएनबीडी ही त्याची क्लायंट लायब्ररी, म्हणजे डिस्क मागणाऱ्या बाजूचा तयार कोड, २०१९ पासूनची; डिस्क देणारं मशीन म्हणजे सर्व्हर. सर्व्हरने जाहीर न केलेली कमांड, भलताच फ्लॅग (कमांडसोबत जाणारी जादा सूचना), डिस्कच्या हद्दीपलीकडचा पत्ता, शून्य लांबी, ब्लॉकच्या मापात न बसणारी विनंती, असलं काही दिसलं की ती नेटवर्कवर काहीही न पाठवता जागच्या जागी एरर देते. या तपासण्या म्हणजेच स्ट्रिक्ट मोड, आणि प्रत्येक तपासणीला त्यात एक बिट आहे. शून्य म्हणजे सगळ्याच बंद.

आता “सर्व्हर तपासतोच”. हद्दीबाहेरची विनंती आली तर सर्व्हरने एरर द्यावी, असं प्रोटोकॉल म्हणतो. ‘द्यावी’ म्हणतो, ‘द्यायलाच हवी’ म्हणत नाही. शून्य लांबीच्या विनंतीचं काय करायचं हे तर त्याने मोकळंच सोडलंय. म्हणजे तुम्ही सर्व्हरच्या तपासणीवर नाही, सर्व्हर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर विसंबताय.

बरं, तपासलं, पण कधी? राइट कमांडमध्ये आधी काय, कुठे, किती हे सांगणारं २८ बाइटचं हेडर जातं आणि त्याच्या पाठोपाठ सगळा डेटा. सर्व्हरला हेडर वाचल्यावर चूक कळली तरी मागून येणारा डेटा कुठेतरी रिचवावाच लागतो. नाहीतर पुढचं हेडर कुठे सुरू होतं तेच कळणार नाही. किंवा मग कनेक्शनच तोडायचं. ३२ एमआयबीची (एमबीहून किंचित मोठं माप) नाकारली जाणारी राइट एक गिगाबिटच्या लिंकवर पाव सेकंदाहून जास्त वेळ खाते, आणि शेवटी हातात काय, तर जी एरर क्लायंटने फुकटात दिली असती तीच. वाशीच्या एपीएमसीत ट्रक गेटवरून परत पाठवतात तसं. वजन गोदामातच करून घेतलं असतं तर डिझेल तरी वाचलं असतं.

फ्लॅगचं प्रकरण याहून वाईट. रीड-राइटला न शोभणारा फ्लॅग पुढे गेला तर सर्व्हरचं उत्तर वेगळ्याच आकारात येऊ शकतं आणि मग गोंधळते ती लायब्ररी. डेडलॉक होऊ शकतो, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत अडकतात, कनेक्शन संपू शकतं, हे तिच्या मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलंय. इथे सर्व्हर कितीही शहाणा असला तरी अडकलेले तुम्हीच.

“वेग वाढतो.” कशाच्या तुलनेत? हद्दीची तपासणी म्हणजे एक वजाबाकी आणि दोन तुलना: ऑफसेट (सुरुवातीचा पत्ता) डिस्कच्या आकारापेक्षा मोठा आहे का, आणि लांबी ‘आकार वजा ऑफसेट’पेक्षा जास्त आहे का. (बेरीज करून का पाहत नाहीत? ६४ बिटात बेरीज ओसंडून लहान आकडा झाली की हद्दीबाहेरची विनंती आत बसल्यासारखी दिसेल. ही खोच समजून घेण्यासाठी तरी लायब्ररीच्या कोडमधली ती ओळ एकदा वाचावी.) याला काही नॅनोसेकंद लागतात. एकाच रॅकमधल्या दोन मशीनमधला फेरासुद्धा मायक्रोसेकंदांत मोजतात, म्हणजे हजारपटीच्या भाषेत. उलट अलाइनमेंटची, म्हणजे विनंती ब्लॉकच्या मापात बसते का याची, तपासणी बंद केली तर काम मंदावू शकतं. डिस्क ४०९६ बाइटच्या ब्लॉकची आणि तुम्ही ५१२ लिहायला पाठवले, तर ते खपवून घेणाऱ्या सर्व्हरला आधी पूर्ण ब्लॉक वाचायचा, त्यात ५१२ बदलायचे, परत पूर्ण लिहायचा. एरर नाही म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही.

“सोय दिलीय म्हणजे धोका नाही” या वाक्याला काय म्हणावं? मॅन्युअल उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात. ही सोय इंटिग्रेशन टेस्टिंगसाठी आहे, वेड्यावाकड्या विनंत्या मुद्दाम पाठवून सर्व्हर तग धरतो का ते बघायला. आणि त्यासाठी ती हवीच, माझा त्याला अजिबात विरोध नाही. हल्ला करणारा काही आपली सभ्य लायब्ररी वापरून येत नाही. २०१४ चा हार्टब्लीड हा बग आठवा: समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने विश्वास ठेवला आणि मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे बाहेर गेले. असली भगदाडं शोधायची तर वाह्यात क्लायंट लागतोच. पण तो टेस्टच्या मशीनवर. तिथेही सगळं शून्य करू नका. आधीचं मूल्य वाचून घ्या, हवा तेवढा एकच बिट उतरवा आणि ते परत लावा. पुढच्या आवृत्तीत नवी तपासणी आली तर ती अशाने आपोआप चालू राहते. शून्य ठोकून दिलंत तर तीही गेली.

पोस्टेलचा नियम अर्धाच सांगितलाय. १९८० च्या आरएफसी ७६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे दस्तऐवज) मधलं वाक्य पूर्ण असं आहे: जे कराल त्यात काटेकोर राहा, इतरांकडून जे घ्याल त्यात उदार राहा. विनंती पाठवणारा क्लायंट यातल्या कुठल्या अर्ध्यात बसतो, ते उघड आहे. शिवाय त्या उदारपणानेच प्रोटोकॉल कसे नासतात यावर २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ निघालं आहे.

राहिले ते सहा महिने. माझे पाच झाले होते. डिस्क इमेज हलवायची माझी स्क्रिप्ट टेस्टिंगपासून तशीच कामाला लागली होती, स्ट्रिक्ट मोड शून्यच. ती ३२ एमआयबीचे तुकडे करून वाचायची. लूपच्या अटीत ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ पडलं होतं. ३२ एमआयबीच्या पूर्ण पटीत न बसणाऱ्या इमेज बिनबोभाट जायच्या. मग बरोब्बर १० जीआयबीची (एक जीआयबी म्हणजे १०२४ एमआयबी) एक आली. ३२० तुकडे झाले आणि ३२१ वी विनंती गेली: ऑफसेट १०,७३,७४,१८,२४०, लांबी शून्य. आमच्या टेस्ट सर्व्हरने अशा विनंतीला नेहमी निमूट ‘ठीक’ म्हटलं असतं. या वेळी समोर दुसऱ्याच कंपनीचा स्टोरेज बॉक्स होता, त्याने कनेक्शन तोडलं. स्क्रिप्टला वाटलं नेटवर्क गेलं, म्हणून तिने पहिल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात केली. पहाटे चारपर्यंत तिने तीच इमेज कितीतरी वेळा वाचली आणि मी मात्र स्विचच्या केबली बदलत बसलो होतो.

शेवटी कंटाळून स्ट्रिक्ट मोड शून्य करणारी ती ओळ कॉमेंट करून बंद केली. पुढच्याच फेरीत, विनंती बाहेर न जाता, लायब्ररीने एका ओळीत सांगितलं की लांबी शून्य आहे.